झोप का येत नाही?

प्रकृतीची विचारपूस करताना आपण एकमेकांस भूक लागते का, गुडघे कसे आहेत, साखर किती आहे हे विचारतो. झोप कशी लागते हा प्रश्न मात्र साठी उलटलेल्या माणसासाठी राखून ठेवण्याची चाल आहे. वास्तविक निद्रानाश हा काही म्हातारपणाचा मक्ता नव्हे. इंदुरातील आपल्या कोणत्याही मराठी घरात रात्री डोकावून पाहिले, तर परीक्षेच्या धास्तीने टक्क जागा असलेला मुलगा, हिशेबाच्या विवंचनेत कूस बदलणारा कर्ता पुरुष, सर्वांच्या मागून निजणारी व पहाटे नळाला पाणी येणार म्हणून सर्वांच्या आधी उठणारी गृहिणी आणि तीन वाजल्यापासून घड्याळाचे ठोके मोजणारे आजोबा, अशी चार माणसे एकाच छपराखाली सापडावयाची. चौघांचीही तक्रार एकच, परंतु कारणे चार निराळी. म्हणूनच एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्यास सांगण्यात फारसा अर्थ नसतो.

आपल्याकडील उपाय तर ठरलेलेच आहेत. जायफळ उगाळून दुधातून घ्यावे, तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने चोळावेत, डोक्याला तेल थापावे, नामस्मरण करीत पडून राहावे. आणि यांपैकी कशानेच भागले नाही म्हणजे शेजारच्या काकूंना लागू पडलेली ‘ती छोटी गोळी’ घ्यावी. यांतले काही उपाय चांगलेच आहेत व त्यांच्याकडे मी पुढे येणार आहे. परंतु या सर्वांच्या मागे एक समजूत दडलेली आहे, ती अशी की झोप ही प्रयत्न करून आणावयाची वस्तू आहे. माझ्या मते पुष्कळशा निद्रानाशाचे मूळ या समजुतीतच आहे. भूक जशी प्रयत्नाने लागत नाही, उपाशी राहिल्याने व जेवणाची वेळ झाल्याने लागते, तद्वत झोपही दोन गोष्टी जुळून आल्या म्हणजे आपोआप येते. त्या दोन गोष्टी कोणत्या, हे एकदा नीट समजले की उरलेल्या सूचना मुद्दाम पाठ कराव्या लागत नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे झोपेची भूक. आपण जागे असतो त्या वेळात मेंदूमध्ये ॲडिनोसीन नावाचे द्रव्य हळूहळू साठत जाते. जितका वेळ जागे, तितका साठा अधिक आणि तितकी झोपेची ओढ अधिक. झोपेत हा साठा ओसरतो. दुपारी तास-दीड तास झोप काढली म्हणजे रात्रीसाठी साठविलेल्या भुकेतून तेवढा भाग आधीच खर्च झाला असे समजावे. संध्याकाळी पोटभर फराळ करून रात्री जेवण का जात नाही असे आपण विचारीत नाही. झोपेच्या बाबतीत मात्र नेमके तेच विचारतो.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातील घड्याळ. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींस छेदतात त्याच्या किंचित वर, पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. दिवस आणि रात्र यांचा ताल तो राखतो आणि रोज डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशावरून आपली वेळ लावून घेतो. हे घड्याळ किती हट्टी असते, याची एक जुनी व मनोरंजक कथा आहे. १९३८ साली शिकागो विद्यापीठातील नॅथॅनिएल क्लाइटमन हे प्राध्यापक व त्यांचे विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन हे दोघे अमेरिकेतील केंटकी प्रांतातल्या मॅमथ नावाच्या प्रचंड गुहेत ३२ दिवस राहिले. तेथे ना ऊन, ना वारा, ना दिवस-रात्रीची काही खूण. त्यांनी २४ तासांऐवजी २८ तासांचा ‘दिवस’ ठरवून त्याप्रमाणे जेवण, काम व झोप यांच्या वेळा बांधल्या. तरुण रिचर्डसनचे शरीर या नव्या वेळापत्रकाशी बरेचसे जुळले. परंतु त्रेचाळीस वर्षांच्या क्लाइटमन यांच्या शरीराने २४ तासांचा आपला जुना हिशेब काही सोडला नाही. पुढे या घड्याळाची रचना पेशींच्या आत, थेट जनुकांपर्यंत शोधून काढणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्यापुरता मथितार्थ एवढाच की, हे घड्याळ आपल्या मर्जीने पुढेमागे होत नाही, आणि ते बिघडते ते मुख्यत्वे रोज उठण्याची वेळ बदलल्याने व अवेळी प्रकाश पाहिल्याने.

भूक आणि घड्याळ या दोहोंचा हिशेब डोळ्यांपुढे ठेवून आता आजोबांची तक्रार पाहू. “रात्री तीनला जी जाग येते ती येतेच, मग डोळ्याला डोळा लागत नाही,” असे ते सांगतात. त्यांना विचारावे की, निजता कधी? तर नऊला. दुपारी? तर जेवणानंतर एक तास, “पण ती काही झोप नव्हे, नुसते आडवे होणे.” आणि संध्याकाळी टीव्हीसमोर? तेथे मान खाली जाते, पण ते त्यांना मान्य नसते, आजींना असते. आता बेरीज करा. नऊ ते तीन म्हणजे सहा तास, दुपारचा एक, आणि टीव्हीपुढला अर्धा तास, एकूण साडेसात. पासष्टीच्या पुढे सात-आठ तास झोप पुरेशी आहे असे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे आजोबांची झोप पुरी झालेली असते! त्यांना रात्रीच्या मध्यावर जाग आलेली नसून त्यांची सकाळच तीनला झालेली असते. वाढत्या वयाबरोबर झोप हलकी होते, मधून मधून चाळवते व घड्याळही थोडे लवकर चालू लागते, हे खरे. पण त्यावर उपाय नऊऐवजी आठला आडवे होणे हा नसून साडेदहापर्यंत जागे राहणे हा आहे.

यासाठी आजोबांनी दुपारची झोप सोडावी, किंवा वीस मिनिटांवर आणावी व ती तीन वाजण्याच्या आत उरकावी. फिरावयास जावयाचे ते पहाटे अंधारात न जाता संध्याकाळचे ऊन असताना नेहरू पार्कात किंवा रेसिडेन्सीच्या झाडांखाली जावे. कारण संध्याकाळच्या प्रकाशाने लवकर धावणारे घड्याळ थोडे मागे रेटले जाते. उलट, ज्या तरुणास रात्री एकपर्यंत झोप येत नाही त्याने सकाळचे ऊन अंगावर घ्यावे. घर एक, परंतु औषध उलट-सुलट.

दुपारच्या झोपेविषयी आपल्या वडीलधाऱ्यांत एक आग्रह आढळतो की, आयुर्वेदाने ती वर्ज्यच ठरविली आहे. चरकसंहिता इतकी कठोर नाही. आहार व ब्रह्मचर्य यांच्या जोडीने निद्रेला शरीराच्या तीन आधारांत गणणारा हा ग्रंथ वृद्ध, बालक, अशक्त व आजारी यांना दिवसा झोपण्याची मुभा देतो, आणि उन्हाळ्यात तर सर्वांनाच; कारण त्या ऋतूत रात्री लहान असतात. मे महिन्यात माळव्यातील दुपार ज्याने अनुभवली आहे तो या मुभेबद्दल चरकाचे आभारच मानील. मात्र ज्याची तक्रारच रात्री झोप न येण्याची आहे, त्याने ती वापरू नये.

आता कर्त्या पुरुषाकडे वळू. याचे दुखणे आजोबांपेक्षा बिकट आहे, कारण याला झोप खरोखरच कमी मिळते. सुरुवात बहुधा एखाद्या खऱ्या संकटाने होते: घरातले आजारपण, मुलीचे लग्न, नोकरीतील कटकट, किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू. अशा वेळी चार-आठ रात्री झोप उडणे स्वाभाविक आहे. संकट ओसरते, पण झोप परतत नाही. का? तर मधल्या काळात तो माणूस झोपेवर पाळत ठेवू लागलेला असतो. काल झोप झाली नाही म्हणून तो आज लवकर अंथरुणावर जातो, रविवारी नऊपर्यंत लोळतो, रात्री दर अर्ध्या तासाने मोबाइलमध्ये किती वाजले ते पाहतो आणि “आता झोपलो तरी चारच तास मिळणार” असा हिशेब मांडतो. हा हिशेब त्याला आणखी जागा करतो. असे काही आठवडे गेले म्हणजे शरीर एक धडा शिकते: गादी म्हणजे जागण्याची व काळजी करण्याची जागा. म्हणूनच ही माणसे आरामखुर्चीत, आगगाडीत, कीर्तनात बसल्या बसल्या पेंगतात आणि अंथरुणाला पाठ टेकताच खडबडून जागी होतात.

हा शिकलेला धडा पुसता येतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली त्यासाठी जी रीत मांडली, तिच्यासारखा खात्रीचा उपाय आजही विरळा. डोळे जड झाल्याखेरीज अंथरुणावर जाऊ नये. नुसता थकवा निराळा आणि झोप निराळी. पडल्यावर अंदाजे पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर उठावे, दुसऱ्या खोलीत जावे, मंद दिव्यात काही रटाळ वाचावे किंवा कपड्यांच्या घड्या कराव्यात. झोप आली म्हणजे परतावे. पुन्हा नाही लागली, तर पुन्हा उठावे, मग ते रात्रीतून चार वेळा का होईना. गादीवर बसून हिशेब, जेवण, मोबाइल यांपैकी काही करू नये. आणि सकाळी रोज एकाच वेळी उठावे. रात्र कशीही गेलेली असो, रविवार असो वा सण असो, उठण्याची वेळ बदलावयाची नाही. निजण्याची वेळ आपल्या हाती नसते, पण उठण्याची असते. म्हणून खुंटी तेथे ठोकावयाची.

याच्या जोडीला आर्थर स्पीलमन व त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली दुसरी रीत सुचविली. ती ऐकताना विपरीत वाटते. जो मनुष्य नऊ तास अंथरुणात असतो पण झोपतो जेमतेम सहा तास, त्याने अंथरुणात राहावयाचेच सहा तास, उदाहरणार्थ रात्री बारा ते सकाळी सहा. पहिला आठवडा जड जातो, दिवसा डोळे मिटू लागतात. परंतु त्यामुळे झोपेची भूक साठते आणि ते सहा तास सलग व गाढ होऊ लागतात. झोप नीट भरू लागली की दर आठवड्यास पंधरा मिनिटे वाढवीत जावयाचे. पाच तासांच्या खाली मात्र कधीही उतरू नये. अपस्माराचा किंवा उन्मादाचा आजार असणाऱ्यांनी, तसेच ज्यांना वाहन वा यंत्र चालवावे लागते त्यांनी, हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. या दोन रीती आणि झोपेविषयीच्या भित्र्या समजुती दूर करण्याचे समुपदेशन, यांची मिळून जी उपचारपद्धती झाली तीच जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी द्यावी, अशी शिफारस अमेरिकेतील वैद्यांच्या मोठ्या संस्थेने, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने, २०१६ साली केली.

खाण्यापिण्याविषयी थोडक्यात. चहा-कॉफीतील कॅफीन हे वर सांगितलेल्या ॲडिनोसीनची जागा अडवून बसते. म्हणजे भूक मरत नाही, नुसती कळेनाशी होते. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीरातून जाण्यास साधारण पाच तास लागतात. पाचला घेतलेल्या कडक चहाचा निम्मा अंमल दहालाही शिल्लक असतो. मद्याने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती फाटते. तंबाखूही उत्तेजकच आहे, आणि त्यात निजण्यापूर्वी दातांना लावलेली मिश्रीही आली, हे आमच्या काही जुन्या आयाबायांना पटत नाही. सराफ्यातील रात्रीचे खाणे हे इंदूरचे भूषण असले तरी अकराला गराडू आणि रबडी हाणून बाराला झोपेची अपेक्षा करणे हा पोटावर अन्यायच होय. पाहुणे आले असता जावेच. रोज जाऊ नये, इतकेच.

काशाच्या वाटीबद्दल मात्र चांगले सांगण्यासारखे आहे. झोप लागताना शरीराच्या आतील भागाचे तापमान उतरावे लागते, आणि ती उष्णता हातापायांच्या वाटे बाहेर पडते. ज्यांचे तळपाय उबदार असतात त्यांना झोप लवकर लागते, असे स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी १९९९ साली दाखविले. निजण्यापूर्वी तास-दीड तास कोमट पाण्याने स्नान करणे किंवा पाय शेकणे यानेही हाच परिणाम साधतो. पाय चोळून ऊब आणावी आणि खोली गार ठेवावी. माळव्याच्या रात्रींची एवढी ख्याती आहे ती उगाच नव्हे. पूर्वी गच्चीवर गाद्या टाकून निजणाऱ्यांना हे कोणी शिकवावे लागत नव्हते.

मुलांच्या बाबतीत वडिलांशी थोडा वाद घालणे भाग आहे. वयात येणाऱ्या मुलाचे घड्याळ निसर्गतःच उशिरा चालते आणि त्याला आठ ते दहा तास झोप लागते. ब्राह्ममुहूर्ती उठून केलेला अभ्यास उत्तम, यात शंका नाही. पण ज्या घरात साडेअकरापर्यंत टीव्ही गर्जत असतो तेथे मुलास साडेचारला उठविणे ही शिस्त नसून लूट आहे. दिवसभरात वाचलेले मनात पक्के होते ते झोपेतच. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून मुलगा चार पाने मिळवितो आणि चाळीस गमावून बसतो. गृहिणीच्या निद्रानाशाला तर पुष्कळदा औषधाची गरजच नसते. तिला हवे असतात अंथरुणातले आणखी दीड तास. ते तिला घरातील कोणीतरी सकाळचे पाणी भरून व डबे करून देऊ शकेल.

काही झोपमोड मात्र अशी असते की जीवर सवयी सुधारून भागत नाही. पहिली म्हणजे घोरणे. घोरणारा गाढ झोपतो असे आपण समजतो. पण घोरता घोरता आवाज एकाएकी थांबला, काही क्षण श्वासच बंद पडला आणि मग मोठ्या धापेने पुन्हा सुरू झाला, असे रात्रभर होत असेल, तर तो घशातील वाट मिटण्याचा आजार होय. अशा माणसाची झोप रात्रीतून कितीतरी वेळा मोडते आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. साक्षीदार असते ती त्याची पत्नी. सकाळी डोके जड, दिवसा गुंगी, औषध घेऊनही न उतरणारा रक्तदाब आणि गाडी चालवताना लागणारी डुलकी या त्याच्या खुणा. बायकांनाही हा आजार होतो, विशेषतः पाळी गेल्यानंतर. नाकावर लावलेल्या मुखवट्यातून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवण्याचा उपाय ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केला. त्याची यंत्रे आज आपल्या शहरातही मिळतात. अशा रोग्याने आपल्या मनाने झोपेची गोळी घेणे धोक्याचे असते.

दुसरे म्हणजे संध्याकाळी आडवे होताच पाय शिवशिवणे, हलविल्याखेरीज चैन न पडणे. हे कित्येकदा शरीरातील लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते, आणि रक्तातील हिमोग्लोबिन ठीक असतानाही लोहाचा साठा कमी असू शकतो. तो तपासून घ्यावा. तिसरे, पहाटे लवकर जाग येऊन मन काळवंडलेले असणे, जेवणावरची वासना जाणे, कशातच रस न वाटणे. हे दुःख निद्रेचे नव्हे, मनाचे आहे, आणि त्याला उपचार आहे. जोडीदार गेल्यानंतर एकट्या राहणाऱ्या आपल्या सभासदांकडे या दृष्टीने घरच्यांनी व शेजाऱ्यांनी लक्ष ठेवले पाहिजे.

उरली ती छोटी गोळी. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही तिची काही नावे. १ मार्च २०१४ पासून या औषधांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच व दुकानदाराने निराळ्या वहीत नोंद ठेवूनच व्हावी असा नियम आहे. तरीही आठ दिवसांसाठी दिलेली गोळी आठ वर्षे चालू राहिलेली घरे थोडी नाहीत. काही आठवड्यांतच शरीर तिला सरावते आणि गुण कमी होत जातो. म्हाताऱ्या माणसांत रात्री उठताना तोल जाणे, पडून खुब्याचे हाड मोडणे, विसराळूपणा व गोंधळ उडणे हे तिचे दुसरे देणे. सर्वांत मोठी फसगत अशी की, गोळी एखाद्या रात्री चुकली म्हणजे पूर्वीपेक्षाही झोप उडते; मनुष्य म्हणतो, “पाहा, गोळीवाचून मला झोप येतच नाही.” वास्तविक ती रात्र गोळी सुटल्याची असते, निद्रानाशाची नव्हे. काही दिवसांत तो जोर ओसरतो. म्हणून, हा लेख वाचून कोणीही आपली जुनी गोळी एकदम बंद करू नये. बरीच वर्षे घेतलेली गोळी एकाएकी सोडल्यास आकडी येण्यापर्यंत वेळ येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा थोडी थोडी कमी करीत, काही आठवडे वा महिने घेऊन ती सोडावी, आणि त्याच काळात वर सांगितलेल्या अंथरुणाच्या रीती सुरू कराव्यात. याप्रमाणे वृद्ध माणसेदेखील गोळीवाचून झोपू लागतात.

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप न लागणे तीन महिने चालले असेल, तर डॉक्टरांकडे जावे. परंतु रिकाम्या हाताने जाऊ नये. चौदा दिवसांची एक वही करावी. दिवे किती वाजता मालवले, झोप लागण्यास अंदाजे किती वेळ लागला, रात्री किती वेळा जाग आली, शेवटी केव्हा उठलो, दुपारी किती झोपलो, शेवटचा चहा केव्हा घेतला, आणि घरच्या माणसास घोरणे ऐकू आले का. एवढे रोज सकाळी चहा होण्यापूर्वी लिहावे. रात्री घड्याळ पाहून लिहू नये, सकाळी आठवेल तेवढ्या अंदाजानेच लिहावे. ज्या खोलीत निजता तेथील घड्याळाचे तोंड तर पहिल्याच रात्री भिंतीकडे फिरवून ठेवावे, आणि मोबाइल बाहेरच्या खोलीत.